शौर्य पाहिलं कुणी?

शंकेखोर : सुरुवात आकड्यापासून करतो, कारण आकडा फारसं कुणी पाहत नाही. परमवीर चक्र २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झालं आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या लढायांना ते लागू केलं गेलं. आजवर २१ जणांना मिळालं. त्यांतले वीस भूदलाचे, एक हवाई दलाचा, नौदलाचा एकही नाही. नौदलात शूर माणसं नव्हती का? ९ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’नं दीवजवळच्या समुद्रात आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला माणसांना बाहेर काढत राहिले आणि स्वतः जहाजाबरोबर गेले. त्यांना महावीर चक्र मिळालं, म्हणजे एक पायरी खालचं. आता हवाई दलाचं ते एकुलतं एक परमवीर पाहा. त्याच महिन्यात, १४ तारखेला, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों आपलं छोटंसं नॅट विमान घेऊन सहा सेबर विमानांशी भिडले. कुठे? श्रीनगरच्या विमानतळाच्या डोक्यावर, खालच्या माणसांना दिसेल अशा उंचीवर. मला यात योगायोग वाटत नाही. जिथं पाहणारा हजर असतो तिथपर्यंत हे पदक पोचतं. समुद्रात साक्षीदारही बुडतात.

अभिमानी : आकड्यावरून तुम्ही एकदम आरोपावर गेलात. आधी नियम तर पाहा. हे पदक शत्रूच्या समक्ष दाखवलेल्या असामान्य शौर्यासाठी किंवा आत्मबलिदानासाठी आहे, मग ते जमिनीवर असो, पाण्यात असो की आकाशात. शिफारस वरून टपकत नाही. ज्या पलटणीत ते घडलं तिचा कमांडिंग ऑफिसर ती लिहितो, पाहणाऱ्यांचे जबाब जोडतो. मग कागद ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड असा चढत सेना मुख्यालयात जातो, तिथून संरक्षण मंत्रालयात आणि शेवटी राष्ट्रपतींकडे. प्रत्येक टप्प्यावर वरचा माणूस विचारतो की हे खरोखर परमवीराच्या तोलाचं आहे का. नाही वाटलं तर शिफारस महावीरावर किंवा वीरचक्रावर येते. साक्षीदाराचा आग्रह पदकाला उणेपणा आणतो असं तुम्ही सुचवताय. मला तर वाटतं, साक्षीदार मागतात म्हणूनच आजही त्या पदकाला मोल आहे. ऐकीव गोष्टींवर वाटलं असतं तर प्रत्येक आमदाराच्या मतदारसंघात एक परमवीर निघाला असता.

शंकेखोर : ते खरं. पण साक्षीदार मागणं वेगळं आणि साक्षीदार नाही म्हणून शौर्य झालंच नाही असं धरणं वेगळं. लडाखमधलं रेझांग ला घ्या. १८ नोव्हेंबर १९६२. मेजर शैतानसिंग आणि १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, सुमारे १२० माणसं, त्यांतली शंभराहून अधिक तिथंच पडली. जे थोडे वाचून परत आले त्यांनी काय घडलं ते सांगितलं, तर त्यांच्यावर कुणी धड विश्वास ठेवला नाही. चीनशी झालेल्या त्या युद्धात सगळीकडून माघारीच्या बातम्या येत होत्या. त्यांत एक कंपनी शेवटच्या माणसापर्यंत लढली हे कुणाच्या पचनी पडेना. पुढं १९६३ च्या सुरुवातीला एक मेंढपाळ तिकडे गेला. त्याला बर्फात गोठलेली प्रेतं दिसली, हातांत रायफली तशाच, मोर्चे सोडलेले नाहीत. तेव्हा जिवंत माणसांचं बोलणं खरं ठरलं. मला सांगा, तो मेंढपाळ गेला नसता तर? किंवा एखादा हिमकडा कोसळून ती जागा बुजली असती तर? शौर्य तेवढंच राहिलं असतं आणि आपल्या लेखी ती माणसं पळपुटी ठरली असती.

अभिमानी : पण ठरली नाहीत ना! उशिरा का होईना, शैतानसिंगांना परमवीर मिळालं आणि त्यांच्या कंपनीतल्या इतरांनाही पदकं मिळाली. ज्या व्यवस्थेनं आधी अविश्वास दाखवला तिनंच नंतर आपली चूक सुधारली. शिवाय साक्षीदार म्हणजे आपलीच माणसं असं कुठे आहे? कारगिलमध्ये टायगर हिलवर पाकिस्तानचा कॅप्टन कर्नल शेर खान लढताना पडला. (‘कर्नल’ हे त्याचं नावच होतं, हुद्दा नव्हे.) आपले ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्याचा मृतदेह परत पाठवताना त्याच्या खिशात एक चिठ्ठी ठेवली की हा माणूस फार शौर्यानं लढला, त्याला त्याचा मान मिळावा. पाकिस्ताननं त्याला निशान-ए-हैदर दिलं, त्यांचं सर्वोच्च पदक. ज्याच्या माणसांवर तो गोळ्या झाडत होता त्यानंच त्याची शिफारस केली. पदकं म्हणजे सरकारी प्रचार, असं म्हणणाऱ्यांनी या चिठ्ठीचं काय करायचं ते सांगावं.

शंकेखोर : चिठ्ठी मलाही भावते. पण तिच्यातून निघतं काय? त्या पाकिस्तानी कॅप्टनला मान मिळण्यासाठी शत्रुपक्षातला एक दिलदार ब्रिगेडियर नेमका तिथं असावा लागला. टायगर हिलवर दोन्हीकडची इतर कितीतरी माणसं पडली, त्यांच्या खिशात कुणी चिठ्ठी ठेवली नाही. आणि चिठ्ठी असो वा शिफारस, ती लिहितो अधिकारी. सायटेशन, म्हणजे पदकासाठी लिहिलेलं शौर्यवर्णन, हा लेखनाचा एक प्रकार आहे. ज्या पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरचा हात लिहिता, तिच्या जवानाचं कृत्य वरच्या समितीसमोर डोळ्यांत भरतं. ज्याला दोन वाक्यं धड लिहिता येत नाहीत त्याच्या जवानाचं कृत्य त्या दोन वाक्यांत आटतं.

(मध्येच लेखक म्हणून सांगतो, इथपर्यंत माझं मत शंकेखोराकडे झुकलं होतं. पुढचं ऐकल्यावर तितकं झुकलेलं राहिलं नाही.)

अभिमानी : मग आपल्याच भागातल्या एका माणसाची गोष्ट ऐका. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडिया गावचे, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे खडकीच्या पलटणीचे. एप्रिल १९४८. नौशेराहून राजौरीकडे सैन्य निघालं होतं, रस्त्यात सुरुंग पेरलेले, झाडं पाडून वाट अडवलेली आणि आजूबाजूच्या टेकड्यांवरून मारा चाललेला. रणगाड्यांना वाट करून द्यायचं काम राण्यांच्या तुकडीकडे होतं. ८ तारखेला काम सुरू होतं न होतं तोच उखळी तोफांच्या माऱ्यात तुकडीतले दोघं गेले, पाच जण जखमी झाले, त्या पाचांत राणे स्वतः. तरी ते मागे गेले नाहीत. ११ तारखेपर्यंत सुरुंग काढणं, अडथळे उडवणं, वळणवाट तयार करणं चालू. मारा फार झाला की रणगाड्याच्या पोटाखाली शिरायचं आणि तो हलेल तसं त्याच्याबरोबर सरपटत पुढं जायचं. या सगळ्यात शत्रूचा एक माणूस मारल्याची नोंद नाही. पराक्रम म्हणजे दंड थोपटून धावून जाणं असं आपण समजतो. इथं परमवीर मिळालं ते जमिनीतून सुरुंग उकरणाऱ्याला. एका इंजिनिअरला, आणि तोही जिवंत राहिलेल्या. पुढं १९९४ साली पुण्यात ते वारले. कुणा लिहित्या अधिकाऱ्यानं चार दिवसांचं हे काम नीट नोंदवून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं. तुम्ही ज्या लेखणीला दोष देताय, तिच्याशिवाय राणे आज कुणाला माहीत असते?

शंकेखोर : राणे मान्य. राणे तर माझ्याच बाजूचे आहेत, कारण त्यांचं काम सरळ मोजता येत होतं : रस्ता मोकळा झाला, रणगाडे पुढं गेले. यश मिळालं की शौर्य उठून दिसतं. अपयश आलं तर? सियाचेनचं उदाहरण घ्या. सुमारे २१ हजार फुटांवर पाकिस्तानची ‘कायद’ चौकी होती. मे १९८७ मध्ये सेकंड लेफ्टनंट राजीव पांडे छोटी तुकडी घेऊन त्या बर्फाच्या भिंतीवर चढायला गेले. मारा झाला, पांडे आणि त्यांचे बरेच साथीदार गेले. महिन्याभरानं त्याच भिंतीवर दुसरी तुकडी गेली. मोहिमेला नाव होतं ऑपरेशन राजीव, पांड्यांच्याच नावावरून. २६ जूनला नायब सुभेदार बाणासिंग यांनी चौकी घेतली. आता तिला बाणा टॉप म्हणतात. बाणासिंगांना परमवीर, पांड्यांना वीरचक्र. बाणासिंगांच्या पदकाबद्दल मला एक अक्षर बोलायचं नाही. पण पहिल्यांदा त्या भिंतीकडे पाहून, वर काय आहे ते ठाऊक नसताना पाय उचलणं, हे धैर्य कमी का? दोन पदकांमधलं अंतर शौर्याचं आहे की चौकी हाती लागली याचं?

अभिमानी : इथं तुम्ही अडवलंत मला. तरी सांगतो. सैन्य ही काही धैर्याचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा नाही. त्याला चौकी हवी असते. पदक देताना कृत्याचं फळ थोडंफार मोजलं जातं, हे मी नाकारत नाही. पण निव्वळ फळावर पदक मिळतं हेही खरं नाही. अरुण खेत्रपाल पाहा, पूना हॉर्सचे, वय २१. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत त्यांचा रणगाडा पेटला, बाहेर पड असा हुकूम आला, त्यांनी ऐकलं नाही. तोफ चालते आहे तोवर लढणार, एवढंच म्हणणं. त्यातच गेले. कितीतरी वर्षांनी त्यांचे वडील पाकिस्तानात गेले, तेव्हा ज्यांच्या घरी उतरले त्या ब्रिगेडियरनंच त्यांना सांगितलं की तुमच्या मुलाचा रणगाडा मीच टिपला होता. त्या घरानं त्यांचा केवढा मान केला! एवढा आदर केवळ कुणीतरी काही रणगाडे फोडले म्हणून मिळत नाही.

शंकेखोर : वीस-एकविसाव्या वर्षी पेटत्या रणगाड्यात राहिलेला मुलगा आपल्याला आवडतो, कारण तो परत आला नाही. २१ पैकी १४ परमवीर मरणोत्तर आहेत. हेही नीट पाहा की जिवंत सातांपैकी दोघांना आपण आधी मृत समजूनच पदक जाहीर केलं होतं. १९६२ मध्ये पँगाँगजवळच्या सिरिजापला लढलेले मेजर धनसिंग थापा मेले असं धरून परमवीर मरणोत्तर दिलं गेलं; ते चिन्यांच्या कैदेत होते, नंतर परत आले. १९९९ मध्ये योगेंद्रसिंग यादवांचं तेच झालं, नावाचा घोटाळा झाला आणि इस्पितळात पडलेला मुलगा शहीद ठरला. म्हणजे आपल्या मनात हे पदक मृत्यूशी इतकं जोडलेलं आहे की जिवंत माणूस समोर आला की आधी थोडा गोंधळच होतो.

अभिमानी : मृत्यूशी जोडलेलं आहे, कारण ते मृत्यूच्या दारात जाऊनच मिळतं. चक्राची कल्पनाही तीच आहे. ते ज्यांनी घडवलं त्या सावित्रीबाई खानोलकर मूळच्या स्वित्झर्लंडकडच्या, लग्न करून मराठी घरात आल्या, पुराणं वाचली. मध्ये राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं. वज्र कशाचं, तर दधीची ऋषींच्या हाडांचं. देवांनी मागितली आणि त्यांनी देह ठेवला. योगायोग असा की पहिलं परमवीर ज्यांना मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मा, सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर. ३ नोव्हेंबर १९४७ ला बडगाममध्ये ते गेले. घरातलाच माणूस.

शंकेखोर : दधीचींची गोष्ट सुंदर आहे, पण तिच्यात देव मागतात. इथं सरकार मागतं. ब्रिटिशांचा व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ साली निघाला, आणि त्याच्या पुढच्याच काळात, १८५७-५८ च्या बंडात, १८२ क्रॉस दिले गेले. कुणाला? दिल्ली आणि लखनौ परत घेणाऱ्यांना. भिंतीच्या या बाजूला शौर्य दाखवलं तर क्रॉस, त्या बाजूला दाखवलं तर फाशी. हिंदी शिपायाला तो मिळू लागला १९११ नंतर. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोन जवानांना मिळाला, दोघांनाही इटलीत. कुणाच्या राज्यासाठी लढत होते ते? ज्या राज्यानं गांधी आणि नेहरूंना तुरुंगात टाकलं होतं त्या राज्यासाठी.

अभिमानी : हे तुम्ही दिल्लीच्या खुर्चीवरून बोलताय, खंदकातून नाही. नामदेव जाधवांचं पाहा. ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. हल्ल्यात त्यांच्याजवळचे जवळजवळ सगळे पडले. जाधवांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणलं. मग परत फिरले आणि मशीनगनचे मोर्चे एकट्यानं बंद पाडले. हाताला गोळी लागली, टॉमी गन चालवता येईना, तर हातबॉम्ब फेकले. शेवटी नदीच्या बांधावर चढून त्यांनी मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि मागच्यांना पलीकडे बोलावलं. इंग्रज सरकारच्या सायटेशनमध्ये मराठ्यांच्या या घोषणेची नोंद आहे! आता तुम्हीच सांगा, हा माणूस साम्राज्यासाठी परत फिरला की पाण्यापलीकडे पडलेल्या आपल्या माणसांसाठी? यशवंत घाडगे त्याच्या आदल्या वर्षी १० जुलैला गेले. सगळा सेक्शन पडला, हे एकटे मशीनगनवर धावले. गोळ्या संपल्या तेव्हा बंदुकीच्या दस्त्यानं लढले. माणगावला त्यांचा पुतळा आहे. त्याला हार घालणारे गावकरी ब्रिटिश राजाला हार घालत नाहीत.

शंकेखोर : बरं, हे मी घेतो. माणूस ज्यासाठी लढतो आणि सरकार ज्यासाठी पदक देतं, ती दोन वेगळी कारणं असू शकतात. पण मग तुमच्या पदकानं शौर्य मोजलं असं म्हणता येत नाही. सरकारला त्या शौर्याचा जो भाग उपयोगी पडला तेवढा मोजला. त्याच मराठा लाइट इन्फन्ट्रीला स्वतंत्र भारतात एकही परमवीर मिळालेलं नाही. पूना हॉर्सला दोन मिळाली, १९६५ मध्ये तारापोर आणि १९७१ मध्ये खेत्रपाल. महार रेजिमेंटला एक मिळालं, श्रीलंकेत पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्मानं मुंबईकर. मराठा पलटणी काय कमी लढल्या? नेमक्या त्या दिवशी नेमक्या त्या टेकडीवर कोण होतं, एवढाच फरक. मग पूर्वीसारखं का करू नये? व्हिक्टोरिया क्रॉसच्या जुन्या नियमांत एक तरतूद होती. सगळी तुकडीच शौर्यानं लढली तर जवानांनी आपापसांत मतदान करून कुणाला द्यायचा ते ठरवायचं. लखनौला तसं झालंही. ज्यांनी पाहिलं तेच ठरवणार, मध्ये कुणी लिहिणारा नाही.

अभिमानी : मतदान! रेझांग लाला मतदान कुणी केलं असतं? आणि जिथं मतदार उरतात तिथं निवडून येतो तो लोकप्रिय माणूस; न बोलता सुरुंग उकरणारा नव्हे. त्यापेक्षा सारागढी बरी. १८९७ साली ती चौकी राखताना पडलेल्या सगळ्या एकवीस शीख शिपायांना एकच पदक मिळालं, तेव्हा हिंदी शिपायाला मिळू शकणारं सर्वोच्च, इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट. निवड नाहीच. पण तिथंही पाहा, जगाला कळलं कसं? आतल्या एका शिपायानं आरशाच्या हेलिओग्राफनं शेवटपर्यंत निरोप पाठवले म्हणून. तुमच्या साक्षीदारापासून सुटका तिथंही नाही.

शंकेखोर : सुटका नाही, हेच तर मी मघापासून सांगतोय. आणि आता नियमाचाच एक पेच पाहा. शत्रूच्या समक्ष असेल तर परमवीर, नाहीतर अशोक चक्र. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ पोलीस तुकाराम ओंबळे यांनी दहशतवादी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, त्यांच्या हातात होती फक्त लाठी. गोळ्या पोटात घेतल्या, पण कसाब जिवंत सापडला. त्यांना अशोक चक्र मिळालं, म्हणजे शांतताकाळातलं. त्या रात्री मुंबईत शांतता होती? काश्मीरमध्ये गोळीबार होत आला आहे, त्याचीही पदकं बहुतेक त्याच शांततेच्या यादीत जातात. २०२० मध्ये गलवानला कर्नल संतोष बाबू गेले, समोर चिनी सैन्य उभं होतं, त्यांना महावीर चक्र मिळालं. १९९९ नंतर परमवीर कुणालाच नाही. म्हणजे युद्ध कशाला म्हणायचं हे आधी दिल्लीत ठरतं आणि शौर्याची वरची पायरी त्यावर अवलंबून राहते.

अभिमानी : ओंबळ्यांचं अशोक चक्र शांतताकाळातलं परमवीराच्या तोडीचंच पदक मानलं जातं, हे विसरू नका, ते वेगळ्या परिस्थितीतलं आहे. आणि १९९९ नंतर परमवीर नाही याचं मला वाईट वाटत नाही. ते न लागो. पण नाव लागतं, याचा मी आग्रह धरीन. सैनिकी शाळेतल्या मुलाला तुम्ही सांगून पाहा की शौर्य हे साक्षीदार, लेखणी आणि नशीब यांवर ठरतं. खरं असेल, पण त्यावर कुणी रणगाड्याखाली सरपटत जाणार नाही. त्याला राणे सांगावे लागतात.

शंकेखोर : राणे सांगा. पण राण्यांबरोबर ८ एप्रिलला गेलेले ते दोघंही सांगा.

अभिमानी : सांगीन. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात परमवीरांचे २१ अर्धपुतळे आहेत, आणि त्याच आवारात त्याग चक्राच्या भिंतींवर २५ हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. लोक अर्धपुतळ्यांपाशी फोटो काढतात, हे खरं. तेव्हा माझी वाचणाऱ्यांना एकच विनंती : पुढच्या २६ जानेवारीला पेपरात शौर्यपदकांची यादी आली की वरची दोन नावं पाहून पान उलटू नका. खाली सेना पदकापर्यंत जा.

शंकेखोर : जातील. पण त्या यादीत, आणि छापलेल्या सायटेशनमध्येही, ज्यानं ते पाहिलं आणि येऊन सांगितलं त्याचं नाव नसतं.